लाल कोट निघाला

पाय मुरगळला, प्लास्टरमध्ये गेला आणि डॉक्टरांनी मला सक्तीने एका जागी बसवलं. माझ्यासारख्या भिंगरीला ही शिक्षाच. घरी एकटीने कसं निभावणार, म्हणून आत्याकडे येऊन पडले. आत्याचं शिवणकामाचं दुकान पहिल्या मजल्यावर. पुढे लांबलचक गॅलरी, आणि गॅलरीतून आमची जुनी गल्ली सरळ उतरत पार खालच्या थिएटरपर्यंत दिसते. गल्ली कसली, आता चांगला रुंद रस्ता आहे.

तिथे बसून मी जुन्या गल्लीच्या आठवणी काढून आत्याचं डोकं खाल्लं. भांडी ठोकणाऱ्याची सकाळपासूनची ठणठण, केस कापता कापता नवरा-बायकोंची भांडणं मिटवणारा न्हावी, खिडकीतून समोरच्या खिडकीत रंगलेल्या गप्पा. आणि ते हातोहात वस्तू पाठवणं! गल्ली इतकी चिंचोळी आणि गर्दी इतकी, की वस्तू घेऊन चालत जाणाऱ्याला लोक वेड्यात काढायचे. आत्याला खालच्या टोकाच्या दुकानातून अस्तर हवं असलं की ती गॅलरीतून नुसती ओरडायची. हाक तोंडोतोंडी खाली जायची आणि अस्तर हातोहात वर यायचं.

"आता काय राहिलंय?" मी दर दोन वाक्यांनंतर म्हणायचे. "कोणी कोणाला ओळखत नाही. सगळे फोनमध्ये तोंड घालून बसलेत."

"तूही तेच करतेस," आत्या ओठांतल्या टाचण्या न काढता म्हणायची. "ती कात्री दे इकडे."

आत्याला आठवणींचं वावडंच आहे. मी गहिवरून यावं आणि तिने मला बटणं निवडायला बसवावं, असं आमचं चाललं होतं.

पण त्या संध्याकाळी तीही अस्वस्थ होती. माझा धाकटा भाऊ ट्रम्पेट वाजवतो. दोन वर्षं त्याला कुठे कामच मिळालं नव्हतं. मग खालच्या थिएटरातल्या वाद्यवृंदाने त्याला घेतला आणि आज तो पहिल्यांदा उभा राहून एकटा वाजवणार होता. त्यात सकाळच्या तालमीत त्याने असा काही श्वास भरला की वाद्यवृंदाच्या गणवेशाचा लाल कोट पाठीत टर्रकन फाटला. धाकट्याला फुगायला तसाही वेळ लागत नाही. त्यांच्याकडे नियम कडक. लाल कोट नाही तर रंगमंच नाही. दुसरा एक ट्रम्पेटवाला अंगात कोट चढवून तयारच होता. म्हणून धाकटा फाटका कोट आत्याकडे टाकून परत तालमीला पळाला होता, आणि संध्याकाळी टॅक्सी पाठवून तो नेणार होता.

आत्याने शेवटचा टाका घातला आणि माझा फोन वाजला.

"ताई, टॅक्सी अडकलीये," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "पाइपांचा ट्रक खड्ड्यात फसलाय म्हणे. मला इथून हलू देत नाहीत. त्या दुसऱ्याला सांगितलंय तयार राहायला."

मी लंगडत गॅलरीत गेले. खाली ट्रक आडवा, दोन्ही बाजूंना खोदलेले चर, आणि मध्ये गाड्या नि माणसं अशी कोंबलेली की पाऊल टाकायला जागा नाही. माझा पाय प्लास्टरात, आत्याचे गुडघे गेलेले. दोन वर्षं वाट पाहून माझ्या भावाची संधी एका ट्रकपायी जाणार म्हणून मला इतका संताप आला, की मी त्या ट्रकला वरूनच चार शिव्या घातल्या.

आत्याने मला बाजूला सारलं. कोट हँगरला अडकवला, वरचं बटण लावलं आणि कठड्यावरून वाकली. समोर एका टेंपोच्या टपावर बसून चालक मजा बघत होता.

"अहो टेंपोवाले! हा धरा. थिएटरात पोचवायचाय. पुढे द्या!"

"आत्या, वेडी झालीस का? गेला कोट," मी म्हणाले.

टेंपोवाल्याने हँगर पकडला, क्षणभर बावचळून पाहिलं आणि पुढे स्कूटरवाल्या बाईकडे दिला. तिने पुढे दिला. माणसांना हलायला जागा नव्हती, पण हात वर करायला होती! लाल कोट डोक्यांवरून निघाला. "थिएटर, थिएटर" अशी हाक त्याच्या पुढे पळत होती. मी कठड्याला घट्ट धरून ओरडायला लागले, "उजवीकडून! चरात पडेल, उजवीकडून!"

बँकेपाशी वॉचमनने कोट घेतला आणि तो सरळ बँकेत शिरला. मी म्हटलं, गेलाच आता. पण जरा वेळाने पठ्ठ्या पलीकडच्या दाराने बाहेर आला आणि ट्रकच्या पुढच्या माणसाला कोट देऊन मोकळा झाला. ट्रक ओलांडला! मी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात लाँड्रीतून एक हात आला, कोट आत गेला, आणि आतच राहिला.

"मेला धुवायला टाकतोय!" आत्या किंचाळली. मग छाती भरून ओरडली, "धुवायचा नाही! घालायचाय!"

टेंपोवाल्याने तेच ओरडून पुढे सांगितलं. स्कूटरवाली ओरडली. बघता बघता सगळा रस्ता लाँड्रीवर ओरडत होता, "धुवायचा नाही, घालायचाय!" आणि हसत होता. कोट बाहेर आला. लाँड्रीवाल्याने तेवढ्यात त्यावर ब्रशही फिरवला होता म्हणे.

मग लाल ठिपका लहान लहान होत गेला आणि थिएटरच्या पायऱ्यांवर दिसेनासा झाला. आत्याने माझा दंड इतका आवळला की वळ उठला. थोड्या वेळाने पायऱ्यांवर एक लाल माणूस आला, दोन्ही हात हलवले आणि धावत आत गेला. रस्त्याने असा काही जल्लोष केला की कबुतरं उडाली. मी ढसाढसा रडले.

"तो वॉचमन तुझ्या ओळखीचा असणार," मी डोळे पुसत म्हणाले.

"छे. आजच पाहिला."

"टेंपोवाला?"

"मला काय माहीत कोण तो," आत्या म्हणाली. "एवढ्या सगळ्यांत मला फक्त लाँड्रीवाला माहीत होता. आणि त्यानेच घोळ घातला."

मी पुन्हा कठड्यावरून खाली पाहिलं. 

ट्रक तोवर खड्ड्यातून निघाला होता. गाड्या खोळंबलेल्याच होत्या, पण माणसांना वाट झाली होती. टेंपोवाल्याने वर पाहून विचारलं, "मावशी, अजून काही पाठवायचंय का?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "हिला," ती म्हणाली. "हिचा भाऊ वाजवणार आहे. पण जड आहे, दोघं या."

मी नाही नाही म्हणेपर्यंत टेंपोवाला आणि आणखी एकजण जिना चढून वर आले आणि मला खुर्चीसकट उचलून खाली घेऊन गेले. बँकेपाशी वॉचमनने एक बाजू धरली, लाँड्रीपाशी लाँड्रीवाल्याने. कोणी म्हणे प्लास्टर सांभाळा, कोणी म्हणे बाई, जरा कमी हला. कसली हलत होते, मी तर हसून हसून लोळत होते. सगळ्यांना मी भावाचं नाव सांगत सुटले आणि त्यांची नावं विचारत सुटले. थिएटरच्या दारात खुर्ची टेकली तेव्हा आत ट्रम्पेट सुरू झाला होता. त्या अख्ख्या वाटेत मला जुनी गल्ली एकदाही आठवली नाही.