गरम हरीसा

बसऱ्यात तेल्यांच्या गल्लीत अबू रझीनइतका सरळ माणूस नव्हता आणि त्याच्याइतका हट्टीही नव्हता. काझी ज्यांची साक्ष ग्राह्य धरत, अशा साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव होतं. त्या यादीत नाव असणं म्हणजे केवढा मान! पण मानाची पथ्यंही तेवढीच. भर रस्त्यात खाताना दिसला, की माणसाची अब्रू गेली आणि यादीतलं नावही गेलं.

नेमका त्याचा बालमित्र हुमैद गल्लीच्या तोंडाशी हरीसा विकायचा. गहू आणि मटण एकजीव होईपर्यंत घोटलेला, वर तुपाची धार.

"ये रे, एक घास तरी खा!" हुमैद रोज सकाळी ओरडायचा.

"घरी पाठव."

"घरी जाईपर्यंत त्याचा दगड होतो, तुझ्यासारखा!"

असा तीस वर्षं अबू रझीनने गार हरीसा खाल्ला.

मग शेजारचा तेली सुहैम काझीकडे गेला. हुमैदच्या दुकानाची जागा माझ्या बापाची, म्हणाला. हुमैदच्या तोंडचं पाणी पळालं. सत्तरीला आलेला माणूस, चूल उचलून जाणार कुठे? हुमैदने ती जागा विकत घेतली, तो सौदा डोळ्यांनी पाहिलेले दोघंच जिवंत होते: एक म्हातारा विणकर आणि अबू रझीन. कायद्याला दोन साक्षी लागतात. एक जरी बाद झाली तरी दुकान गेलं.

मशिदीत काझी बसले. विणकराने सांगितलं, अबू रझीननेही सांगितलं. सुहैम तडक उठला. "काझीसाहेब, याची साक्ष धरू नका! हा त्याच्या दुकानापाशी रोज रेंगाळतो. उभ्याने खातही असेल!"

"खातो?" हुमैदचा तोल सुटला. "तीस वर्षं घसा फोडतोय मी! या मेल्याने दुकानापाशी एक घास खाल्ला असेल तर माझी दाढी उतरवा!"

काझींनी हसू दाबलं. अबू रझीनला खाताना पाहिलेला एकही माणूस सुहैमला आणता येईना. निकाल हुमैदच्या बाजूने लागला.

अबू रझीन मात्र जागचा हलला नाही.

"साहेब, माझी साक्ष लिहून झाली? शिक्का बसला?"

"बसला."

"मग आता यादीतून माझं नाव काढा."

"का हो? काय गुन्हा केलात?"

"अजून नाही केला. आता जाऊन करणार आहे."

काझींनी लेखणी उचलली आणि नाव खोडलं. अबू रझीनला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण हुमैदचे हात आता डाव फिरवताना थरथरायचे आणि ते त्याने रोज पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भर गल्लीत दुकानाच्या पायरीवर बसला. येणारे-जाणारे थबकले. हुमैदने वाडगा भरून दिला. पहिल्याच घासाला अबू रझीनची जीभ पोळली.

"कसा झालाय?" हुमैदने हळूच विचारलं.

"मीठ कमी आहे."

"आज?"

"तीस वर्षं."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? विचारल्याशिवाय साक्ष देत नसतात."

हुमैदने मिठाचं भांडं पुढे सरकवलं आणि स्वतःचा वाडगा भरून त्याच्याशेजारी पायरीवर बसला.