ती कुणाला सांगते

"कोण आहे तो?" मी विचारलं.

बायकोने ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला. "कोण तो?"

"ज्याला तू रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून लिहीत असतेस तो."

"कामाचं असतं," म्हणाली आणि चिमटे लावत राहिली.

अठरा वर्षांच्या संसारात ती माझ्याशी खोटं बोलली नव्हती, पण त्या दिवशी मला ते खोटंच वाटलं. ती इस्पितळात डायलिसिसच्या विभागात नर्स. घरी कामाबद्दल अक्षर काढायची नाही. दिवस कसा गेला विचारलं तर "गेला", एवढंच. आणि या कुणाला तरी मात्र लांबलचक, भराभर लिहायची. आदल्या दिवशी मागून जाताना फोनवरची एक ओळ मी वाचली होती: 'माझ्यावर विश्वास ठेवा. सावकाश, सगळं सांगा.' वर माणसाचं नाव नाही, नुसतं 'पारवा'. सगळं सांगा म्हणे. मला तिने कधी सगळं सांगितलं होतं?

मी लिफ्ट दुरुस्त करतो. तिच्या इस्पितळातल्या दोन्ही लिफ्ट माझ्याकडेच आहेत. सोमवारी तिथे गेलो तेव्हा तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला गाठलं आणि फोनमधलं ते अ‍ॅप कसं दिसतं ते त्याला सांगितलं.

"ते निनावी नेटवर्क," तो म्हणाला. "निरोप चार ठिकाणी फिरून जातो. कोणी पाठवला, कुठून पाठवला, पत्ता लागत नाही. घरात मार खाणाऱ्या बायका तिथे मदत मागतात, आणि चोर चोरीचा मालही तिथेच विकतात. आपल्या लॅबवाल्याबद्दल कुणीतरी तिथूनच धादांत खोटं पसरवलं. बिचारा नोकरी सोडून गेला. लिहिणारा अजून सापडला नाही."

"मग शोधायचं कसं?"

"मशीनने नाही सापडत. माणूस बोलला तरच." जरा थांबून त्याने विचारलं, "तुमच्याकडे कोण वापरतं?"

"बायको," मी म्हणालो. कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर मला राहवलं नाही. "कुठल्याशा पारव्याशी गुलुगुलु चाललेलं असतं."

त्याने मान डोलावली आणि कामाला लागला. मला हलकं वाटलं.

गुरुवारी ती भर दुपारी घरी आली. पिशवीतून तिचे पांढरे बूट डोकावत होते.

"काढलं मला," ती खुर्चीत बसत म्हणाली.

"का?"

"एका रुग्णाचा वापरलेला, रक्त गाळायचा फिल्टर लेबल बदलून दुसऱ्याला लावत होते. दोघांना कावीळ झाली. आमच्या मोठ्या साहेबांना दोनदा सांगितलं, त्यांनी गप्प बसवलं. मग वर्तमानपत्रातल्या एका बाईंना कळवायला लागले. नाव बाहेर न येता कळवायची तेवढीच एक वाट होती."

"बाई?" मी म्हणालो. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा. त्याची आजही लाज वाटते.

"हो. पारवा म्हणजे त्या." तिने चपलांचे पट्टे सोडवले. "त्यांनी विचारपूस केल्यापासून, आतलं कोण सांगतंय ते साहेब शोधतच होते. म्हणाले, तुमच्या मिस्टरांनीच कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं."

मी म्हणालो, "मला सांगायचंस ना."

"तुमचंही काम तिथेच. तुम्हाला कशाला अडकवायचं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून तोंड धुतलं आणि कुकर लावला.

पंधरा दिवसांनी बातमी छापून आली. चौकशी झाली, साहेब गेले, फिल्टर नवे आले. तिला मात्र कुणी परत बोलावलं नाही. दुसऱ्या इस्पितळांतही तिचं नाव ऐकलं की जागा भरलेली असते. ती मला आता सगळं सांगते. दूध संपलं, वीज गेली होती, प्लंबर येऊन गेला.

परवा तिथल्या लिफ्टचं दार अडकत होतं, म्हणून गेलो होतो. चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा वर जायला थांबले होते.

"त्या उंच नर्सबाई हल्ली दिसत नाहीत," ते म्हणाले. "सुई लावलेली कळायची नाही. चार-चार तास गप्पा मारायचो आम्ही. मी त्यांना माझं सांगायचो, त्या मला त्यांचं. तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

ती तुम्हाला काय सांगायची, हा प्रश्न अगदी जिभेवर आला होता.

"नाही," मी म्हणालो, आणि त्यांची खुर्ची आत जाईपर्यंत दार धरून ठेवलं.