मॉसीमामाचा शब्द

लार डेलाहंटीच्या घरात जेवताना फुटबॉलचं नाव काढायचं नाही, असा दंडकच होता. लार हाडाचा हर्लिंगवाला, काठी-चेंडूच्या त्या जुन्या आयरिश खेळातला. ॲशच्या लाकडाची छोटी हर्ली, म्हणजे त्या खेळाची काठी, त्यानं पोराच्या हातात दिली तेव्हा फिंटनला धड चालताही येत नव्हतं. पण लारची बायको ब्रीडा नदीच्या पुलापलीकडच्या कॉन्रॉय घरातली, आणि पुलापलीकडे सगळा फुटबॉलचा मुलूख. तिचा धाकटा भाऊ मॉसी. लग्न केलं नव्हतं, चाळीस गाई आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फुटबॉल संघाची निवड समिती एवढाच त्याचा संसार. दर शनिवारी तो भाच्याला घेऊन जायचा आणि अंगणात गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायला लावायचा.

"लाथा झाडायला शिकवतोयस पोराला," लार म्हणायचा.

"लाकडं फोडायला तू शिकवलंसच की," मॉसी म्हणायचा, आणि दोघे हसायचे. तेव्हा हसायचे.

फिंटन दोन्ही खेळांत असा काही निघाला की एकविसाव्या वर्षीच लीश काउंटीच्या दोन्ही संघांनी त्याला उचललं. मंगळवार-गुरुवार हर्लिंग, बुधवार-शुक्रवार फुटबॉल, शनिवार-रविवार जिथे सामना असेल तिथे. पगार कुठलाच नाही. पोटासाठी तो डेअरीचा टँकर चालवायचा, पहाटे पाचला निघून गोठ्यागोठ्यांतलं दूध गोळा करायचा. दोन मुली त्याला सोडून गेल्या. दुसरी जाताना म्हणाली, "तुझी एखादी संध्याकाळ रिकामी झाली तर कळव." ती झाली नाही.

तो पंचवीस वर्षांचा असताना ते घडलं. लीशचे हर्लिंगवाले कित्येक वर्षांनी प्रांताच्या उपांत्य फेरीत पोचले होते, रविवारी वेक्सफर्डशी गाठ होती. आणि फुटबॉलचा मीथशी झालेला सामना बरोबरीत सुटला, तो पुन्हा खेळवायचा ठरला शनिवारी. आदल्या दिवशी.

गुरुवारी मॉसी बहिणीकडे आला. लारनं त्याला बस म्हटलं नाही.

"पूर्ण वेळ खेळवणार आहेस त्याला?"

"मध्यंतरापर्यंत. फार तर पुढे दहा मिनिटं. मग मी स्वतः बाहेर काढतो."

"शब्द?"

"शब्द," मॉसी म्हणाला. "आता चहा देशील की पुलावरूनच परत पाठवशील?"

लारनं चहा दिला.

शनिवारी फिंटन असा खेळला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. जिथे तो उभा राहील तिथे चेंडू यायचा. मध्यंतरापर्यंत त्याचे चार पॉइंट झाले होते. मध्यंतरानंतर दहा मिनिटांनी मॉसी नंबराची पाटी घेऊन रेषेशी आला. पाटीवर लाल आकड्यात आठ. फिंटनचा नंबर. फिंटननं पाहिलं आणि मान हलवली. मॉसीनं पाटी आणखी वर धरली. स्टँडमध्ये लोक चेंडूवर डोळे लावून त्याच्याच नावानं ओरडत होते, पाटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बाहेर जायचं? आत्ता? फिंटननं माशी हाकलावी तसा मामाकडे बघून हात झटकला आणि पाठ फिरवली. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा पाटी खाली होती. मॉसी तिथेच उभा होता, तोंड किंचित उघडं ठेवून.

सामना अतिरिक्त वेळेत गेला. लीश दोन पॉइंटनी जिंकलं. फिंटनला लोकांनी खांद्यावर घेतलं.

रविवारी पन्नासाव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक होतं. मग दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. ज्याला तो अडवत होता तो वेक्सफर्डचा लालकेस्या पोरगा बाजूनं निघून गेला. फिंटन त्याच्यामागे चार पावलं धावला आणि गुडघ्यांवर बसला. गोल, म्हणजे एकदम तीन पॉइंट. लीश एका पॉइंटनं हरलं.

गाड्या उभ्या होत्या तिथे लारनं मेहुण्याची गचांडी धरली. आजूबाजूला पन्नासेक माणसं.

"शब्द दिला होतास तू मला! माझ्या घरात, माझा चहा पिऊन!"

मॉसीनं लारच्या खांद्यावरून एकदा फिंटनकडे पाहिलं. फिंटनच्या खांद्याला बॅग होती, हातात हर्ली. आत्ता बोलू, असं त्याला वाटलं. बाबा जरा शांत झाले की बोलू.

"विसरलो मी," मॉसी म्हणाला. "खेळाच्या नादात विसरलो, लार."

"विसरलास? मग माझं घरही विसर."

त्या दिवसापासून लारनं मॉसीचं तोंड पाहिलं नाही. गावानंही हिशेब चुकता केला. दुकानात, पबमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर मॉसी कॉन्रॉय म्हणजे भाच्याच्या पायांचा चोथा करून लीशची उपांत्य फेरी घालवणारा माणूस. पुढच्याच फेरीत फुटबॉलवालेही हरले, तेव्हा त्याची बाजू घेणारंही कुणी उरलं नाही. वसंतात त्यानं निवड समिती सोडली.

त्याच वेळी हर्लिंगच्या व्यवस्थापकानं फिंटनला बोलावून सांगितलं, "इकडे किंवा तिकडे. दोन्हीकडे नाही." फिंटननं हर्लिंग धरलं. बापासाठी, असं तो म्हणायचा. खरं तर फुटबॉलच्या मैदानावर रेषेकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. त्यानंतर सात वर्षं तो खेळला आणि हर्लिंगवाले एकदाही उपांत्य फेरीपर्यंत गेले नाहीत. फुटबॉलवाल्यांनी चौथ्या वर्षी प्रांताचा करंडक आणला, त्याच्याशिवाय. बत्तिसाव्या वर्षी नव्या व्यवस्थापकानं त्याला फोनवर चार ओळींचा निरोप पाठवून संघातून काढलं. आभारी आहोत, वगैरे.

या सगळ्या वर्षांत तो मॉसीला एक दिवसाआड भेटत होता, कारण मॉसीच्या गोठ्यातलं दूध त्याच्याच टँकरमध्ये जायचं. नळी जोडायची, हवापाण्याचं बोलायचं, नळी काढायची. पहिल्या वर्षी एकदा फिंटन म्हणाला, "मामा, बाबांना सांगून टाकू का त्या दिवसाचं?"

"आत्ता कशाला? तुझे खेळायचे दिवस आहेत. मला काय, माझ्या गाई मला काही विचारत नाहीत."

फिंटनचा जीव भांड्यात पडला. पुढे त्यानं पुन्हा विचारलं नाही. मॉसीच अधूनमधून, नळीकडे बघत, विचारायचा, "लार काही म्हणाला का रे?"

"नाही, मामा."

"बरं."

नऊ वर्षांनी, नोव्हेंबरात, मॉसी गोठ्याच्या दारात पडला तो उठला नाही. दोन दिवस त्याचा देह त्याच्याच घरातल्या पुढच्या खोलीत अंत्यदर्शनाला ठेवला होता. लोक येत होते, सँडविच खात होते, चांगला माणूस होता म्हणत होते. लार फिरकला नाही. दफनाच्या दिवशी सकाळीही तो कामाच्या कपड्यांत स्वयंपाकघरात बसून राहिला.

"बाबा, उठा. कोट घाला."

"मी येणार नाही."

"बाबा, मामा विसरला नव्हता." फिंटन उभ्यानंच बोलला. "त्यानं पाटी दाखवली होती. दोनदा. मीच बाहेर आलो नाही. मीच त्याला हाकललं."

लारनं कप खाली ठेवला. फिंटनला वाटलं, आता मारतील. मारू देत.

"मेलेल्या माणसाची अब्रू झाकायला निघालास," लार म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "तुझी आई रडते ते बघवत नाही तुला. मन मोठं आहे तुझं. पण माझ्याशी खोटं बोलू नकोस, बाळा."

"खरं सांगतोय मी! तुम्हाला—"

"पुरे. माझं पोर असं करणार नाही. मी वाढवलंय तुला."

दारात ब्रीडा उभी होती, काळा कोट घालून, हातात मोजे. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"नऊ वर्षं?" ती म्हणाली.

फिंटननं बापाचा कप उचलून सिंकमध्ये ठेवला.

"नऊ नाताळ मी त्याचं जेवण फॉइलमध्ये गुंडाळून पुलापलीकडे नेलं. एकटा जेवायचा. दर वेळी म्हणायचा, लारला माझा रागराग करू देत, पोराला काही बोलू नका." तिनं एक मोजा चढवला. मग दुसरा. "त्याच्या शवपेटीला तू हात लावायचा नाहीस, फिंटन."

"आई..."

"बोट लावायचं नाही."

मॉसीच्या दारात फुटबॉल संघाचे जुने खेळाडू रांगेत उभे होते. पेटी उचलायला सहा जण हवे होते. त्यांचा एके काळचा कप्तान फिंटनला म्हणाला, "तू पुढे डावीकडे लाग."

"दुसऱ्या कुणाला घे."

"सख्खा मामा ना रे तुझा?"

फिंटननं मान खाली घातली. कप्तान त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिला. मग बाजूला थुंकला. "बापावर गेलास," म्हणाला, आणि शेजारच्याला हाक मारली.

फिंटन सगळ्यांच्या मागून चालत गेला. पुढे ब्रीडा एकटीच चालली होती. तिनं मागे पाहिलं नाही, आणि त्यानंतर घरातही ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

लार मात्र बोलत सुटला. आठवडाभरात पबमध्ये सगळ्यांना कळलं की मॉसीला वाचवायला पोरानं सगळा दोष स्वतःवर घ्यायचा प्रयत्न केला. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, लार म्हणायचा. लोक फिंटनजवळ येऊन पाठीवर थाप मारायचे. पहिल्या दोघातिघांना त्यानं सांगून पाहिलं, की ते खोटं नव्हतं, तसंच घडलं होतं. ते समजूतदारपणे हसले आणि त्याच्यासाठी बिअर मागवून गेले. मग त्यानं सांगणं सोडून दिलं.