तिरसटरावांचा उजवा हात

बाहुल्यांच्या सिनेमात आम्हाला कुणी नावाने हाक मारत नाही. बाहुलीचं डोकं ज्याच्या हातावर, तो ‘डोकं’. शेजारी उभं राहून तिच्या उजव्या बाहीत जो हात घालतो, तो ‘हात’. “डोकं जेवलं का?”, “हात कुठे उलथला?” असंच बोलणं चालतं. आमचे हे डोकं होते, मी हात होते आणि आम्हा दोघांचे मिळून तिरसटराव होते.

तिरसटरावांना यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिवलं, जुन्या कोटाच्या अस्तरातून. कपाळाला आठ्या, ओठ मुडपलेले. पहिल्याच सिनेमात टेक चालू असताना मला कंटाळा आला, म्हणून मी त्यांचा कान खाजवला. यांनी डोकं वळवून त्या हाताकडे असं काही पाहिलं की सगळा स्टुडिओ हसला. तेव्हापासून तिरसटराव आपल्याच उजव्या हातावर डाफरू लागले आणि लोकांना ते फार आवडू लागले.

आम्ही खाली लपून बाहुली उंच धरायचो. वर ते डाफरायचे आणि खाली, कॅमेऱ्याला दिसत नाही तिथे, हे आपल्या पायाने माझा डावा पाय हळूच दाबायचे. उभ्या संसारात या माणसाने मला एक गोड शब्द ऐकवला नाही. पाय मात्र कधी चुकला नाही.

पुढे आम्ही दोघांनी एका कंपनीत नोकरी धरली आणि तिरसटराव कंपनीचे झाले. चेहरा, आवाज, कुरकुर, कान खाजवणंसुद्धा. मी तणतणले, तर हे म्हणाले, “जाऊ दे गं, राहणार तर आपल्याच हातावर ना?” राहिले, हे होते तोवर. हे गेल्यावर कंपनीने नवं डोकं आणलं आणि त्याने आपल्या सवयीचा हात सोबत आणला. मला दुसऱ्या कंपनीत बदकमावशी मिळाली. बदकमावशीला हातच नाहीत. असो.

आणि आता हा सिनेमा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाहुल्या एका स्टेशनात गाडीची वाट बघत बसतात, अशी गोष्ट. त्यात तिरसटराव घटकाभराचे पाहुणे. यायचं, बाकावर बसायचं, कान खाजवायचा, डाफरायचं, संपलं. शेजारी आमची बदकमावशी. हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला त्या बाहीत एकदा हात घालायचा होता. बाकी काही नको होतं.

सेटवर तिरसटरावांच्या कंपनीची वकीलबाई हजर होती. म्हणाली, “आमची बाहुली तुमच्या बाहुलीशी बोलणार नाही. तिला आमची माणसं सोडून कुणी हात लावायचा नाही. आणि दोन बाहुल्या एकमेकींना टेकता कामा नयेत.”

“का? गोवर आलाय का तिला?” मी विचारलं. कुणी हसलं नाही.

पेटी उघडली. यांनी शिवलेला तो हा नव्हेच, नव्या कापडाची नक्कल होती. पण आठ्या त्याच. माझे हात असे शिवशिवायला लागले, की मी ते बदकमावशीत खुपसून ठेवले.

तेवढ्यात शिडीवरून दिवेवाला ओरडला, “तिरसटरावांना बसवा बाकावर, सावली बघायचीय!” नवं डोकं आलं, पण त्याचा हात बाहेर फोनवर बायकोची समजूत काढत होता. डोक्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“ताई, हात धराल जरा? दिवे लागेपर्यंतच.”

मी वकीलबाईकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं होतं कोण जाणे. ती कॅमेरावाल्याला म्हणाली, “झाकण लावा हो त्याला. चित्र निघायला नको.” आणि पाठ फिरवून उभी राहिली.

मी बाहीत हात घातला. आत हातमोजा होता, कुठल्यातरी मोठ्या पुरुषी हाताच्या मापाचा. आम्ही नेहमी खाली ठेवलेल्या टीव्हीत कॅमेऱ्याचं चित्र बघून काम करतो, पण झाकण लागलं आणि टीव्ही काळा झाला. शेजारी उंच, उबदार खांदा. मी डोळे मिटले आणि तिरसटरावांचा कान खाजवला.

बाही ताणली गेली, म्हणजे डोकं वळलं. वर दिवेवाला खदखदून हसला. अगदी बरोबर डाफरलं असणार. नवा माणूस कामाचा पक्का होता, उगाच कशाला नावं ठेवू?

मी डावा पाय जरासा पुढे सरकवला आणि वाट पाहिली.

किती वेडी मी! त्या बिचाऱ्याला कोण सांगणार होतं? पायाचं कंपनीलाही ठाऊक नव्हतं, मग ती शिकवणार कुठून? मला वाटत होतं की माझा जीव बाहीत अडकलाय. बाही मिळाली आणि कळलं, मला हे हवे होते. बाहीतला हात तसाच कानाशी राहून गेला.

“ताई, हात दुखतोय का?” डोक्याने विचारलं.

“नाही हो,” मी म्हणाले. “छान डाफरता तुम्ही.”

त्याचा हात परत आला, मी बदकमावशीत शिरले. कॅमेऱ्याचं झाकण निघालं. तिरसटराव बाकावर बसले, त्यांनी कान खाजवला आणि त्या परक्या हातावर डाफरले. बदकमावशीने फक्त समोर बघायचं होतं. मी खाली वाकून टीव्हीत त्या आठ्या पाहत होते. मग मीच माझ्या उजव्या पायाने डावा पाय हळूच दाबला.

तोल गेला. बदकमावशी कलंडली आणि थेट तिरसटरावांच्या खांद्याला टेकली.

“कट!” दिग्दर्शक ओरडला. “बदक हललं. पुन्हा घेऊ.”