विष बाहेर पडतंय

मर्गिलान शहरातल्या त्या घरात आज बायकांची गाप होती. महिन्यातून एकदा एकीच्या घरी सगळ्या जमायच्या, जेवायच्या, पोटभर गप्पा मारायच्या. या खेपेला पाळी ओयिमखानची. तिची सून झुलहुमोर सकाळपासून पुलावाची गाजरं चिरत होती, पण कान सगळा आतल्या खोलीकडे. तिची लेक मुनोजात आत निजली होती. पोर सारखं पाणी मागत होती आणि प्यायलेलं ओकत होती.

परवापर्यंत हीच मुनोजात अंगणात हुंदडत होती. तिला मधुमेह; पण रोजच्या इन्सुलिनवर ठणठणीत. आजीचा मात्र जीव तुटायचा. "पोरीच्या अंगाची चाळण केलीत तुम्ही," ती म्हणायची. म्हणूनच मोहल्ल्यात थोरल्या बहिणीसारखी मानली जाणारी होसियत-ओपा सगळ्या रोगांवरच्या 'जिवंत पाण्या'ची बाटली घेऊन आली, तेव्हा ओयिमखानने इन्सुलिन उचलून आपल्या पेटीत कुलूपबंद केलं. झुलहुमोरचा नवरा रशियात बांधकामावर. फोनवर म्हणाला, "आई सांगते तसं कर." सुनेने सासूपुढे तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती. त्यातून होसियत-ओपा म्हणजे झुलहुमोरची शाळेतली जीवशास्त्राची बाई! जिने पेशी शिकवली, तिला खोटं कसं म्हणायचं? झुलहुमोर तेच पाणी लेकीला पाजू लागली.

दुपारी दस्तरखान, जेवणाचं लांब कापड, जमिनीवर अंथरलं. बायका दारापर्यंत मांडीला मांडी लावून बसल्या. होसियत-ओपाने पोरीला मुद्दाम उचलून आणवलं आणि दारापासून लांब, मानाच्या जागी, आपल्याशेजारी लोडाला टेकवून बसवलं.

"पेशीला आठवण असते, बायांनो. हे पाणी तिला निरोगीपणाची आठवण करून देतं. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. डॉक्टर कशाला सांगतील? त्यांची दुकानं बंद पडतील ना!"

बायका खो खो हसल्या. "माझे गुडघे बघा की, कसे पळायला लागलेत," एक म्हणाली.

"जेवणाच्या वासाने पळत असतील!" दुसरीने टोला हाणला.

चहा ओतता ओतता झुलहुमोर पुटपुटली, "ओपा, ही सारखी ओकतेय हो."

"ओकणारच. विष बाहेर पडतंय, वेडे."

"श्वास बघा ना कसा लागलाय."

"आत सफाई चाललीय. जितका त्रास जास्त, तितका गुण पक्का."

"काल जरा बरी वाटली होती..."

"तो पाण्याचाच गुण!"

झुलहुमोरचा हात थांबला. ती लेकीवर वाकली. तोंडाला कुजक्या सफरचंदांचा वास येत होता. हा वास आला तर जेवत्या ताटावरून उठून इस्पितळात या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ओपा, बरी वाटली तर पाण्याचा गुण, ढासळली तरी पाण्याचाच गुण. मग हे पाणी खोटं असेल, तर ते आम्हाला कळायचं कशावरून? पोर मेल्यावर?"

होसियत-ओपाने ओयिमखानकडे पाहिलं.

"जीभ हासडीन!" ओयिमखान कडाडली. "पाहुण्यांपुढे बोलतेस? खाली बस. फातिहा व्हायचाय अजून."

फातिह्यासाठी, जेवणानंतरच्या प्रार्थनेसाठी, वडीलधारीने हात उचलल्याशिवाय दस्तरखानावरून कुणी उठत नाही. वडीलधारी होती होसियत-ओपा, आणि तिने हात मांडीवरच ठेवले.

झुलहुमोरने लेकीला खांद्यावर घेतलं. वाट सोडायला कुणी हललं नाही. तेव्हा ती सरळ दस्तरखानावरून चालत निघाली. पेले लवंडले. भुईवर पडलेला नानचा तुकडाही जिथे उचलून कपाळाला लावतात, तिथे ती नानवर पाय देऊन गेली. "तोबा, तोबा!" बायका ओरडल्या. तिला त्या क्षणी भाकरीपेक्षा पोर मोठं वाटलं, आणि ते खरंच होतं.

मुनोजात वाचली, पण कशीबशी. ती शुद्धीवर येईपर्यंत ओयिमखान इस्पितळाच्या दाराशी बसून होती. पेटीतलं इन्सुलिन तिने ओढणीखाली धरलं होतं. "मी तिच्या भल्यासाठीच गं केलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. झुलहुमोरला तिचा रागही आला आणि कीवही.

पण होसियत-ओपाचं तोंड बंद झालं नाही. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या गापमध्ये ती सांगू लागली, "मरणाच्या दारातून पोरगी परत आली! आमच्या पाण्याने तगवलं म्हणून!"

ते कानावर आलं तशी झुलहुमोर उठली आणि बोलावणं नसताना त्या घरात शिरली.

"ती पोरगी माझी," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "या पाण्यानेच ती मरायला टेकली होती. वाचवलं इन्सुलिनने."

"विष पेरायला आलीस होय गं?" होसियत-ओपा हसत म्हणाली. दोघीचौघी तिच्याबरोबर हसल्या.

कोपऱ्यातली एक तरुण आई हसली नाही. तिच्या मांडीवर फिट येणारं मूल ग्लानीत पडलं होतं आणि हातात त्याच पाण्याची बाटली होती. झुलहुमोर तिच्यापाशी जाऊन बसली.

"औषध कधीपासून बंद केलंस, बाई?"

"कालपासून," ती कशीबशी म्हणाली.

"मग ऊठ. अजून वेळ आहे."