तिसरं प्यादं

काळ्या हत्तीच्या माथ्यावरचा एक टवका उडालेला... दादाने हरल्यावर तो भिंतीवर फेकून मारला होता, तेव्हाचा. तळाचं हिरवं कापडही सुटून लोंबत होतं. तिच्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, तपासणीच्या भिंगांच्या पेटीशेजारी पट मांडलेला असे. इतक्या वर्षांत त्या हत्तीकडे तिने इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. पण आज सकाळपासून तो तिच्या पांढऱ्या वजिराच्या ऐन तोंडात उभा होता, आणि त्याला राखायला पटावर कुणीही नव्हतं.

बाबांनी तो तिथे ठेवला होता. म्हणजे, साडेसातला फोनवर ठेवायला सांगितला होता. आई गेल्यापासून, सहा वर्षं, हा नेम: सकाळी बाबांची एक चाल, संध्याकाळी पाचला तिची एक. त्यांच्या घरी त्यांचा पट, तिच्याकडे तिचा, आणि मध्ये फोन. बाबांची हयात नकाशे काढण्यात गेलेली, त्यामुळे शिस्त अशी की चाल आधी वहीत लिहायची, मगच सोंगटीला हात लावायचा. अशा माणसाने अख्खा हत्ती फुकट द्यावा?

आठला दादाचा फोन आला होता. “शेजारच्या काकू म्हणाल्या, गेल्या मंगळवारी बाबांनी गॅस उघडा ठेवला होता. जिन्यापर्यंत वास. त्याआधी चष्मा फ्रिजमध्ये सापडला. तू रोज खेळतेस त्यांच्याशी, तुला सगळ्यांच्या आधी कळेल. एकटं ठेवायचं की इकडे आणायचं, संध्याकाळी सांग. खोली रंगवून तयार आहे, त्यांच्या आवडीचा फिकट पिवळा.” दादा वाईट नव्हताच मुळी. तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

म्हणून तिने जे कधीच केलं नव्हतं ते केलं. लॅपटॉपवरच्या बुद्धिबळाच्या इंजिनात डाव भरला. आपल्या बापाची चाल यंत्राला दाखवायची म्हणजे त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी चौकशी करण्यासारखं... पण केलं.

डेप्थ बारा, म्हणजे बारा चाली पुढपर्यंत बघून झालं, तेव्हा आकडा आला: अधिक पाच. हत्ती घे, तू पाच प्याद्यांनी वरचढ, काम संपलं. यंत्राला बारा चालींपलीकडचं काही दिसतच नाही. जिथे नजर संपली तिथे जगही संपलं असं धरून ते निकाल देतं. डेप्थ वीस. अधिक पाच पूर्णांक तीन. बाबा, काय केलंत हे?

बाहेर गिऱ्हाईक आलं. बसचे ड्रायव्हर, निवृत्तीला आलेले. ती भिंगं बदलत गेली. “हे बरं, की हे?”

“पहिलं.”

“आणि आता?”

“आता दुसरं.” त्यांनी डोळे चोळले. “बाई, खरं सांगू? दोन्ही सारखंच दिसतंय. तुम्हीच काय ते ठरवा.”

ती हसली. दिवसभर मी लोकांना हेच विचारते, आणि कुणी उत्तर बदललं तर मला त्याचं काही वाटत नाही. उलट बदललेलं उत्तरच मी लिहून घेते. मग माझंच एक उत्तर बदलायला मी इतकी का घाबरते आहे? आणि बाबांची अशी परीक्षा घेणारी मी कोण? नऊ वर्षांची असताना ती त्यांना म्हणाली होती, आजच्या दिवस मला जिंकू द्या ना. ते म्हणाले होते, “मुद्दाम हरलो तर तुझ्याशी खेळलोच नाही असं होईल.” चौदाव्या वर्षी ती खरोखर जिंकली, तेव्हा त्यांनी उठून, एखाद्या पाहुण्याशी करावं तसं तिच्याशी हस्तांदोलन केलं होतं. तो हात तिला अजून आठवतो, बोटांना शाईचा वास.

ती आत आली तेव्हा लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. डेप्थ एकतीस. अधिक दोन. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौतीस: शून्य पूर्णांक आठ. तिच्या राजाला पळायला एक खिडकी होती, पण तिच्यातून बाहेर पडला की काळा वजीर शह देत त्याच्या मागे लागत होता, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आडोसा कुठेच मिळत नव्हता आणि शह कधी संपतच नव्हते. सदतीस: शून्य. बरोबरी. सकाळी छातीठोकपणे सांगितलेलं यंत्राने मुकाट्याने मागे घेतलं होतं. ओशाळायची त्याला गरजच नव्हती.

तिचे डोळे भरून आले. बाबांना दिसलं होतं! यंत्राला जेवणाच्या सुट्टीपर्यंत जे दिसलं नाही ते एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला दिसलं होतं! आता दादाला सांगता येईल... आणि मग मनात आलं, हे यंत्र इथेच का थांबवू? अडतीसला, चाळीसला आणखी काही निघालं तर? मला हवं ते उत्तर आलं की मीही भिंग तिथेच ठेवणार का? तिने ते चालूच ठेवलं आणि पाचला फोन लावला.

“काय मग,” बाबांच्या आवाजात खोडसाळपणा मावत नव्हता, “सुचतंय का काही?”

“हत्ती फुकट दिलात, बाबा.”

“फुकट? घेऊन तर बघ! तुझा वजीर तिथून हलला की माझा थेट शेवटच्या रांगेत. तुझा राजा घरातच गुदमरून मरतो. तिन्ही प्यादी दारात उभी, जाईल कुठे?”

तिन्ही.

तिने पटाकडे पाहिलं. राजापुढे दोनच प्यादी होती. कडेचं तिसरं तिने नऊ दिवसांपूर्वी एक घर पुढे सरकवलं होतं. तीच तर ती खिडकी. तेव्हा फोनवर बाबा म्हणाले होते, “लिहिलं.”

म्हणजे त्यांना डेप्थ सदतीस दिसलंच नव्हतं. दिसत होता वेगळाच पट. यंत्र दिवसभर माझ्या पटावर खोल खोल शिरत राहिलं, आणि बाबा तिथे नव्हतेच... गप्प बसावं? प्यादं हळूच मागे घ्यावं, हत्ती घ्यावा, मात खावी. बाबा दोन दिवस खुशीत राहतील. कुणाला काय कळणार आहे?

मुद्दाम हरलो तर तुझ्याशी खेळलोच नाही.

“बाबा, कडेचं प्यादं मी पुढे घेतलंय. गेल्या मंगळवारी. वहीत बघा.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज.

“आहे,” बाबा म्हणाले. “माझंच अक्षर. लिहिलं, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. तू फोनवर बोलतच होतीस. धावलो, तर बर्नर विझलेला, गॅस भसाभसा... त्या गडबडीत प्यादं राहिलंच.”

म्हणजे काकूंना आलेला वास आणि हे राहिलेलं प्यादं एकाच गडबडीतलं होतं. मीच त्यांना बोलण्यात धरून ठेवलं होतं. छाती हलकी झाली, क्षणभरच. कारण त्यानंतर नऊ दिवस तो पट त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आणि फ्रिजमधला चष्मा... आणखी एक पायरी खोल पाहिलं की उत्तर पुन्हा हलत होतं.

“चाल मागे घ्या हवी तर.”

“छट्! ठेवलेला हत्ती ठेवला. तू घे.” आवाज जरासा कापरा होता. “प्यादं सरकवलंय मी. बघू दे आता नीट... बाहेर पडला की शह देईन. मग पुढचं पुढे. आणि हो, त्या दादाला सांग, मला विचारायचं ते मलाच विचार म्हणावं.”

त्यांना ठाऊक होतं! तिला हसू आलं, रडूही. लॅपटॉपवर डेप्थ एकेचाळीस उजाडत होता. आकडा बदलण्याआधी तिने झाकण लावलं. दादाला सांगण्यासारखं तिच्याकडे एकच होतं, येत्या रविवारी दोघंही बाबांकडे जाऊ या. त्यापुढचं तिला दिसत नव्हतं, आणि न दिसण्याची सकाळसारखी भीती आता वाटत नव्हती.

तिने टवका उडालेला हत्ती उचलला आणि मुठीत धरून ठेवला. फोन अजून चालूच होता. पलीकडे बाबा स्वतःशी पुटपुटत होते — इथे शह, तो तिकडे, मग पुन्हा शह — आणि पांढऱ्या सोंगट्या आपल्या असूनही ती श्वास रोखून मनातल्या मनात म्हणत होती, हां बाबा, बरोबर, पुढे... अजून थोडं पुढे.