वेन्डेलची फेरी

"वेन्डेल कुठाय?" मेनेर स्मुल्डर्सनी विचारलं.

नीरजाने अजून अंगातला कोटही काढला नव्हता. दाराशेजारच्या पेटीतली किल्ली काढून ती आत आली होती. म्हातारबुवा पलंगाच्या कडेला पायजम्यात बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांची नजर गेली काही वर्षं अधू झाली होती. समोर माणूस आहे एवढं कळे, चेहरा दिसत नसे. पण जिन्यावरच्या पावलांवरूनच त्यांनी ओळखलं होतं, की आज आलाय तो वेन्डेल नव्हे.

नीरजा घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करणारी परिचारिका होती. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन शहराच्या उत्तरेकडच्या वस्तीत तिची रोजची फेरी असे. कुणाला अंघोळ घालायची, कुणाला गोळ्या द्यायच्या, कुणाच्या सुजलेल्या पायांवर घट्ट मोजे चढवायचे. पुरुषांना मेनेर म्हणायचं, बायकांना मेव्राउ. वेन्डेल पिनास तिच्या शेजारच्या गल्ल्या बघायचा. सोमवार त्याच्या सुट्टीचा. आजपासून त्या गल्ल्या तिच्याकडे आल्या होत्या. ऑफिसातल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, कुणी विचारलं तर थोडक्यात सांग, चर्चेत पडू नकोस.

"मेनेर, वेन्डेल वारला," ती म्हणाली.

त्यासाठी डच भाषेत दोन शब्द आहेत. एक सरळसोट, आणि एक मृताच्या घरच्यांसमोर वापरायचा, मऊ. तो मऊ शब्द तिला वेन्डेलनेच शिकवला होता. आज तो तिने त्याच्यासाठी वापरला.

"वारला? काय झालं होतं त्याला? तरणाताठा माणूस."

"पोलिसांची गोळी लागली. रविवारी."

बातमी दोन दिवस रेडिओवर चालू होती. स्मुल्डर्सनीही ती ऐकली असणार. पण बातमीत त्याचं नाव नव्हतं. चौतीस वर्षांचा, सुरिनामी वंशाचा इसम, एवढंच होतं. तो इसम म्हणजे आपला वेन्डेल, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

मंगळवार त्यांच्या दाढीचा. विजेचं यंत्र त्यांना चालत नसे. ब्रश, साबणाचा फेस आणि पातं लागे. नीरजाने त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याशी टॉवेल खोचला, गालांवर फेस लावला. एक गाल झाला. हनुवटी वर करून ती गळ्याशी आली तेव्हा ते म्हणाले,

"पोलीस उगाच गोळी घालत नाहीत. मी आयुष्यभर तीच नोकरी केलीय. त्याने काहीतरी केलं असणार."

नीरजाचा हात थांबला. पातं त्यांच्या गळ्यापासून वीतभर दूर धरून ती उभी राहिली. चर्चेत पडू नकोस, असं सांगितलं होतं. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत ती कधी कुठल्या चर्चेत पडलीही नव्हती.

"त्याच्या हातात बॅटरीच्या वायरी होत्या, मेनेर," ती म्हणाली. "बहिणीकडे गेला होता, तिच्या गावी. तिची गाडी सुरू होत नव्हती, म्हणून तो बॉनेट उघडून वायरी लावत होता. समोरच्या घरातून कुणीतरी फोन केला, की चोर आलाय. मागून हाक आली तशी तो वायरी हातात घेऊनच वळला. बस्स, एवढंच केलं त्याने."

म्हातारबुवांनी हनुवटी पुन्हा वर केली.

"दाढी पुरी कर," ते म्हणाले.

तिने पुरी केली. चेहरा पुसला, कॉफी केली, पाव कापून लोणी लावून दिलं. निघताना सगळीकडे म्हणते तसं "उद्या येते" म्हणाली. खाली येऊन सायकलचं कुलूप काढलं आणि मग सायकलला टेकून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. पुढच्या घरी मेव्राउ वाट बघत असतील, हे कळत होतं, पण पाय उचलत नव्हता.

नीरजा मूळची मिरजेची. तिथल्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात ती नर्स होती. लग्न झाल्यावर मोहनच्या नोकरीपायी इकडे आली. मोहन चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर. त्याला इथे सगळं आयतं मिळालं, हिला मात्र पहिलीपासून सुरुवात करावी लागली. मिरजेचं प्रमाणपत्र इथे चालेना. भाषा शिकली, परीक्षा दिल्या, मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर मदतनीस म्हणून कामाला लागली. पहिल्या दिवशी तिला ज्याच्यासोबत पाठवलं, तो वेन्डेल.

तो तिच्याहून बराच लहान होता, पण कामात मुरलेला. घराणं मूळचं सुरिनामचं, दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतलं. उंच, रुंद, काळा कुळकुळीत, आणि हात असे हलके, की तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी तशी तो नव्वदीच्या माणसांना घाली. नीरजाला पहिल्या हिवाळ्यात एका आजीने दारातूनच परत पाठवलं, सावळे हात नकोत म्हणून. नीरजा रडवेली झाली. तेव्हा वेन्डेल म्हणाला, "मला तिने वर्षभर नको म्हटलं. आता मी सुट्टी घेतली, की ती ऑफिसला फोन करून भांडते." आणि पुढच्या आठवड्यात तो नीरजाला घेऊन पुन्हा त्याच आजीकडे गेला.

त्याची एक सवय होती. सायकल लावून कुणाच्या दाराशी जाताना तो मोठ्याने गात जाई. गळा बेताचाच. हिवाळ्यात इथे सकाळी कामाला निघतानाही काळोख असतो. त्या काळोखात त्याचं गाणं गल्लीभर ऐकू येई. एकदा नीरजाने विचारलं, लोकांची झोपमोड होत नाही का रे? तो म्हणाला, "होऊ दे. माझ्यासारखा माणूस अंधारात म्हातारीच्या दारात किल्ली घालताना दिसला, तर शेजाऱ्यांना काय वाटेल? चोर काही गात येत नाही, नीरजा." तो हसला, म्हणून तीही हसली होती.

त्या संध्याकाळी मोहन घरी आला तेव्हा ती कुकर लावून ओट्याशी नुसतीच उभी होती. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्या बातमीवरून दिवसभर बरंच काही येऊन पडलं होतं. ह्या लोकांचं असंच असतं, असं कुणी लिहिलं होतं. पोलिसांची बाजूही ऐकायला हवी, असं दुसऱ्याचं मत होतं. कुणी नुसते हात जोडले होते. मग गाडी दिवाळी पहाटेला कोण गाणार, यावर गेली होती. नीरजाने ते सगळं वाचलं आणि खाली लिहिलं, "तो माझ्यासोबत काम करत होता. फार चांगला माणूस होता. त्याच्याकडे कुठलंही हत्यार नव्हतं." त्यानंतर ग्रुपवर कुणी काहीच लिहिलं नाही.

मोहनला ते आवडलं नव्हतं. तो रागावला नाही, तो त्याचा स्वभावही नव्हता. जेवताना त्याने एवढंच म्हटलं, की आपण आपलं बरं असावं. शनिवारी शहरात वेन्डेलसाठी मूकमोर्चा निघणार होता. असं कुणी हकनाक गेलं, की इथे लोक घोषणा न देता शांतपणे चालतात. तिथे कॅमेरे असणार, ऑफिसातली माणसं बघणार, असं त्याचं म्हणणं.

"आपण शेवटी बाहेरची माणसं, नीरजा."

"तो तर इथेच जन्मला होता," ती म्हणाली. "त्याला कुठे उपयोग झाला?"

मोहनने तिच्या ताटात भात वाढला, ती खात नाहीये हे बघून स्वतः कालवून दिला. त्याच्या मनात काय होतं, ते तिला कळत होतं. त्यांची स्वानंदी नायमेखनला शिकत होती, सावळी, बापाच्या वळणाची, बोलायला फटकळ. मोहनला भीती वाटे ती तिच्यासाठी. स्वानंदीचा फोन आलाच. ती मैत्रिणींना घेऊन मोर्चाला येणार होती. "आई, यू आर कमिंग, राइट?" तिने विचारलं. नीरजा म्हणाली, बघते.

तासाभराने आणखी एक फोन आला. मंडळातली मृणालिनी. तिची नि नीरजाची ओळख हळदीकुंकवापुरती. तिने ग्रुपवरचा विषय काढला नाही. नुसतं विचारलं, "कसा होता गं तो?" आणि नीरजाने जे सांगितलं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आठवडाभर वेन्डेलच्या फेरीत प्रत्येक दारात त्याचीच चौकशी. एका आजीने आता माझे मोजे कोण चढवणार, म्हणून कुरकुर केली आणि मोजे चढवून होईपर्यंत ती रडत होती. एका आजोबांनी वर्तमानपत्र दाखवलं. त्यात वेन्डेलचा कुठला तरी जुना फोटो होता, कपाळाला आठ्या, डोक्यावर टोपी ओढलेली. "हा तो नव्हेच," आजोबा म्हणाले. "ह्याला बघून तर कुणीही घाबरेल."

स्मुल्डर्स मात्र बोलत नव्हते. ती येई, त्यांना उठवी, धुई, खाऊ घाली. ते हो-नाहीपुरतं बोलत. बुधवारी त्यांच्या घरात रेडिओ बंद होता. गुरुवारीही. आपण फार बोललो, आता हे ऑफिसला फोन करून दुसरी नर्स मागणार, असं नीरजाने धरून ठेवलं होतं.

शनिवारी त्यांचा दाढीचा दिवस नव्हता. तरी त्यांनी दाढी करायला सांगितली. मग कपाटातला गडद निळा सूट काढायला लावला. बायकोच्या अंत्यविधीनंतर तो घातलेला नव्हता. आता खांद्यांवर ढगळ झाला होता. बटणं लावून घेताना ते म्हणाले,

"माझ्या सगळ्या नोकरीत मी पिस्तूल एकदाच बाहेर काढलं. एका शेडमध्ये. आत एक पोरगा होता, हातात काहीतरी लांब. अंधार होता. मी थांबलो, त्याला म्हटलं, खाली ठेव ते. त्याने ठेवलं. पहार होती. गॅरेजवाल्याचा मुलगा होता, गोरा, सोनेरी केसांचा." "नेहमी वाटायचं, मी चांगला पोलीस होतो म्हणून थांबलो. ह्या आठवड्यात रोज तेच आठवतंय. मी का थांबलो?"

नीरजाने शेवटचं बटण लावलं.

"तू जाणार आहेस ना मोर्चाला?" त्यांनी विचारलं. "मला ने. चाकाची खुर्ची जिन्याखाली आहे."

तिची फेरी दुपारी संपत होती. ती संपवून ती परत आली आणि शेजारच्या माणसाच्या मदतीने त्यांना खाली उतरवलं. त्यांच्या गुडघ्यांवर घोंगडी घातली, मफलर गुंडाळला, आणि खुर्ची ढकलत ती शहराच्या दिशेने निघाली. नोव्हेंबरचं ऊन पडलं होतं, पण त्यात ऊब नव्हती.

चौकात तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ माणसं होती. सुरिनामी बाया निळ्यापांढऱ्या, दुखवट्याच्या कपड्यांत आल्या होत्या. कॉलेजची पोरं होती, वेन्डेलच्या फेरीतल्या म्हाताऱ्यांची मुलंबाळं होती, ऑफिसातल्या बाईसुद्धा होत्या. पोलीस कडेकडेने उभे होते, टोप्या काढून. ज्याने गोळी झाडली त्याची चौकशी चालू आहे, एवढंच कळत होतं. ती कधी संपणार, तिचं काय होणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. मोहन आला नव्हता. त्याने स्वानंदीला स्टेशनवरून गाडीने आणून चौकाच्या कोपऱ्यावर सोडलं, आणि गाडी लावायला जागा शोधतो म्हणून निघून गेला होता. स्वानंदीने येऊन आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती मैत्रिणींकडे गेली.

सगळ्यांत पुढे वेन्डेलची आई उभी होती. ठेंगणी, जाड, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली. स्मुल्डर्सनी तिच्याकडे न्यायला सांगितलं. नीरजाने गर्दीतून वाट काढत खुर्ची तिच्यापुढे नेऊन थांबवली आणि सांगितलं, की हे मेनेर स्मुल्डर्स, वेन्डेल यांच्याकडे यायचा.

म्हातारबुवांनी बोलायचं काहीतरी मनात जुळवून आणलं असावं. पण म्हणाले ते एवढंच, "मेव्राउ, मी पोलिसात होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तो सांगायचा मला. म्हणायचा, माझा पोलीस फार हट्टी आहे, पण कॉफी मला आधी ओतून देतो. डोळ्यांनी दिसत नाही तरी."

त्यांनी मान खाली घातली. तिने त्यांच्या घोंगडीचं घसरलेलं टोक उचलून नीट खोचलं. तेवढ्यात पुढची माणसं चालू लागली.

कुणी बोलत नव्हतं. इतक्या माणसांच्या बुटांचा आवाज तेवढा दगडी रस्त्यावर होत होता. वाटेत दुकानदार दारात येऊन उभे राहिले. एका वळणावर नीरजाला मोहन दिसला, फुटपाथवर, कोटाच्या खिशात हात घालून. तो रस्त्यावर उतरला नाही, पण फुटपाथवरून त्यांच्या बरोबरीने चालत राहिला.

पूल चढताना वेन्डेलच्या आईचा पाय अडखळला. सोबतच्या बायकांनी तिला धरायला हात पुढे केले. तिने मान हलवली. मग ती मागे आली आणि खुर्चीची एक मूठ धरली. नीरजा थोडी बाजूला सरकली, दुसरी मूठ तिने आपल्याकडे ठेवली. तिच्या लक्षात आलं, की ती बाई खुर्ची ढकलत नाहीये, खुर्चीवर भार टाकून चालतेय. स्मुल्डर्सनाही ते कळलं असावं. खुर्ची मागे जाऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरली, आणि चढ संपेपर्यंत, आपल्या नव्वदीच्या ताकदीने, ते ती पुढे फिरवत राहिले.